मखमलीची लव आणि मखमलीची पाठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलण्याची सवय नाही. सातवीपर्यंत शिकले आणि पुढे चूल, मूल आणि शिवणाचे मशीन यांतच दिवस गेले. आजवर मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, तिळगुळाच्या पुड्या बांधणे आणि भिशीची वही सांभाळणे. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, “तुम्ही कापडावर बोला. तुम्हाला त्यातले कळते.” त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटले, परंतु माझ्या जिवाला ते लागले. का लागले ते आपल्यापैकी सातजणींना ठाऊक आहे. बाकीच्यांना आज सांगते, म्हणजे कानोकान ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेले बरे.

मागच्या वर्षी माझ्या थोरल्या लेकीचे लग्न झाले. लग्नात तिला मखमलीचे पोलके शिवायचे माझ्या फार मनात होते. त्याला कारण आमच्या घरातली एक जुनी चोळी. तिच्याविषयी पुढे सांगेन. मी मखमल पाहत दुकानोदुकान फिरले. शेवटी एका दुकानात गल्ल्यावरच्या माणसाने एक तागा काढला. हातात घेतला तर पाण्यासारखा घरंगळला. म्हणाला, “बाई, ही चायना सिल्कची अस्सल मखमल. मीटरला एकवीसशे.” मी म्हटले, “रेशीम कशावरून?” त्याने तत्काळ कापडाच्या कडेचा एक धागा ओढला, काडी लावली आणि माझ्या नाकाशी धरला. केस जळल्याचा वास आला. राख बोटात धरली तर भुगा झाली. रेशमाची हीच खूण, हे मला माहीत होते. मी घेतली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ते कापड इथे आणले, सर्वांना दाखवले आणि जाळून पाहिल्याचेही सांगितले. माझ्या शब्दावर सातजणींनी त्याच दुकानातून मिळून नऊ मीटर घेतली. अठरा हजार नऊशे रुपये. कोणी भिशीचे घातले, कोणी लेकीच्या नावाने ठेवलेले घातले.

आता आधी ही मखमल म्हणजे काय वस्तू आहे ते सांगते, नाहीतर पुढचे कळायचे नाही.

साधे कापड म्हणजे ताणा आणि बाणा. उभे धागे आणि आडवे धागे. मखमलीला ताणे दोन लागतात. एक ताणा कापडाची पाठ विणतो. दुसरा ताणा लव उभी करतो. विणकर थोडे विणतो, मग दुसऱ्या ताण्याखाली एक बारीक तार आडवी सारतो, पुन्हा विणतो. तारेवरून तो धागा कमान करून जातो. तार तशीच काढली तर बारीक फासे राहतात. तारेवरून पाते फिरवून फासे कापले तर प्रत्येक फाशाची दोन टोके उभी राहतात. तीच लव. एका बोटाच्या रुंदीत अशा किती तरी तारा घालाव्या लागतात. दिवसभर माग चालवून हातभर कापड उतरणे मुश्कील, आणि वरच्या ताण्याला पाठीच्या ताण्यापेक्षा कित्येक पट लांब रेशीम लागते, कारण ते सगळे कमानीतच खपते. पूर्वी मखमल राजेरजवाड्यांकडे आणि देवाच्या गाभाऱ्यातच दिसे, ती उगीच नाही. पुढे यंत्रे निघाली. दोन कापडे एकमेकांसमोर ठेवून मधल्या धाग्यांनी जोडत विणायची आणि मधोमध सुरी चालवायची. एका फटक्यात दोन मखमली. मग ती आपल्यासारख्यांच्या हातात आली.

रेशीम मुळातले चीनचे. एका राणीच्या चहाच्या पेल्यात कोष पडला आणि त्याचा धागा सुटत गेला, अशी तिकडे गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, रेशमाचा शोध तिकडच्या लोकांनी एका बाईच्या नावावर मांडला हे मला आवडते. आपल्याकडेही चांगल्या रेशमी वस्त्राचे नाव चीनवरूनच पडलेले. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी सांगितले की, कालिदासाच्या शाकुंतलात चीनांशुक असा शब्द आहे. चीनांशुक म्हणजे चीनचे तलम वस्त्र. आमच्या आजी चांगल्या रेशमाला चिनाई म्हणत. आणि आज आपण बाजारात काय म्हणतो? “अगं, ते चायनाचे आहे, चार दिवस टिकायचे नाही.” एकाच देशाच्या नावाचा एके काळी अर्थ सर्वांत उंची, आणि आता अर्थ सर्वांत हलके. माझ्या दुकानदाराने मात्र त्या नावातला जुना मान आणि नवा माल असा मेळ घातला.

चीनमध्ये चांग्शा नावाच्या गावाजवळ मावांगदुई येथे 1972 साली एका सरदाराच्या पत्नीची कबर उघडली. ती बाई सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वी वारलेली, आणि तिचे शरीर, कपडे, डबे सगळे जसेच्या तसे निघाले. तिच्या कपड्यांत एक झिरझिरीत झगा आहे, त्याचे वजन अवघे 49 ग्रॅम. आपल्या वाटीभर तांदळाइतकेही नाही! त्याच कबरीत फासे उभे केलेले रेशमी कापड मिळाले. ते अंगभर वापरलेले नाही. झग्याच्या गळ्याला आणि बाह्यांना काठासारखे लावलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ती श्रीमंत बाई आणि आज चोळीच्या बाहीला मखमलीची पट्टी लावणारी आपली शिंपीण, दोघींचा हिशेब एकच. महाग वस्तू जिथे दिसेल तिथे लावायची.

पुढे मिंग घराण्याच्या काळात तिकडे मखमल चांगलीच भरभराटीला आली. 1620 साली वारलेल्या वानली नावाच्या बादशहाची कबर 1956 ते 1958 या काळात खणली, तेव्हा तिच्यात राणीचा एक अंगरखा निघाला. त्याच्या कापडाला म्हणे दोन्ही बाजूंनी लव आहे. समुद्रकाठच्या फूज्यान प्रांतात झांगझोऊ नावाचे गाव आहे. तिथली मखमल त्या गावाच्याच नावाने ओळखली जाई. तिची रीत मोठी नामी. आधी सगळे कापड फाशांचे विणून घ्यायचे. मग त्याच्यावर वेलबुट्टी काढायची आणि कारागिराने पात्याने फक्त बुट्टीतलेच फासे कापायचे. कापलेली लव गडद दिसते आणि न कापलेले फासे फिके चमकतात. रंग एकच, धागा एकच, तरी नक्षी उठून दिसते. थंडीच्या दिवसांत तिकडचे मानकरी त्याची बंडी, गळपट्टी, टोप्या घालीत. 1930 च्या सुमारास शांघायच्या बायका मखमलीचे अंगालगत बेतलेले लांब झगे घालू लागल्या.

आपल्या देशातही मखमल काही नवी नव्हे. अबुल फजलच्या ऐने-अकबरीत इराणच्या आणि फिरंग्यांच्या मखमलीबरोबर गुजरातच्या आणि लाहोरच्या मखमलीची नावे आहेत. आपला मराठवाडा तर 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात. लग्नाचा उंची बस्ता बांधायचा तर ऐपत असलेले लोक मनमाडकडून येणाऱ्या गाडीत बसून हैदराबाद गाठत आणि चारमिनारजवळच्या पत्थरगट्टीत कापड घेत. मखमलीवर कारचोबीचे काम, मुलांच्या टोप्या, कुंच्या, उशांचे अभ्रे, जनानखान्याचे पडदे. आपल्या नांदेडात गुरुद्वाऱ्यात जाणाऱ्यांनी रुमाला साहिबवरचे मखमलीचे आणि जरीचे काम पाहिलेच असेल.

आमच्या घरातली चोळी त्याच पत्थरगट्टीतली. माझ्या आजेसासूबाईंचे लग्न 1947 साली झाले. त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून मखमल आणली. पिकल्या जांभळाचा रंग, बाहीला जरीची पट्टी. दुसऱ्याच वर्षी रझाकारांची धामधूम माजली. हदगाव तालुक्यातले आमचे गाव रात्रीतून निघाले आणि पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेले. भांडीकुंडी, धान्य, पेटी सगळे मागे राहिले. आजींनी एका गाठोड्यात दोन लुगडी, देवाचा टाक आणि ही चोळी घेतली. मी एकदा विचारले, “आजी, तेवढ्या घाईत चोळीच का हो?” तर म्हणाल्या, “अगं, ती हलकी होती.” दुसरे काही बोलल्या नाहीत. पुढे परत आल्यावर घरात चार वर्षे कशाचाच मेळ नव्हता, तरी ती विकली नाही. त्याच कापडाचा एक परकरही होता म्हणे. तो आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बोहारणीला दिला आणि स्टीलची बादली घेतली. बादली अजून न्हाणीघरात आहे. आत्याबाई इथेच बसल्या आहेत म्हणून सांगते, मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा घरात पाच लेकरे होती आणि बादली नव्हती. पण बोहारणीच्या गाठोड्यातून अशा किती चोळ्या आणि परकर गेले असतील, आणि त्यांची जर जाळून चांदी काढली गेली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता लग्नाकडे येते. मखमलीचे पोलके मीच शिवले. मुहूर्त दुपारचा, महिना वैशाखाचा. मखमल मुळात थंडीचे कापड, आणि आपण नांदेडच्या उन्हात ते लेकीच्या अंगावर चढवले! बिचारी घामाने डबडबली. त्यात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलांनी दोन फवारे तिच्या खांद्यावर मारले. थेंब पडले तिथे लव चिकटून बसली. संध्याकाळी मी घाईने त्यावर इस्तरी फिरवली आणि होते नव्हते ते घालवले. इस्तरीचा तळ जसाच्या तसा उमटला. चकचकीत, टक्कल पडल्यासारखा.

माझे माहेर लातूरचे. गंजगोलाईच्या एका बोळात आमच्या ओळखीचे एक म्हातारे शिंपीकाका बसतात. त्यांच्या वडिलांनी हैदराबादेत शेरवान्या शिवलेल्या. राखीपौर्णिमेला माहेरी गेले तेव्हा पोलके त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा वर केला, लवेवरून आधी सुलट आणि मग उलट हात फिरवला आणि विचारले, “बाळ, लव कशाची म्हणून घेतलीस?”

म्हटले, “रेशमाची.”

“जाळून पाहिलीस?”

“माझ्या समोर जाळली, काका.”

“कोणता धागा?”

भगिनींनो, या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. कडेचा ओढला होता. कडेचा धागा म्हणजे पाठीचा धागा. लव काही ओढून निघत नाही, ती कापलेली असते.

काकांनी शिवणीतली माया उलगडली, आतल्या बाजूची चिमूटभर लव पात्याने खरवडली, चिमट्यात धरून काडी लावली. भुरकन पेटली. केसांचा वास नाही; कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख. “ही रेयॉनची लव,” म्हणाले. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. मग पाठीचा एक धागा जाळला. त्याला केसांचा वास आला. पाठ रेशमाची, लव रेयॉनची. लवेलाच जास्त धागा लागतो, तेव्हा वजनाने पाहिले तर पाचातला एखादा हिस्सा रेशीम आणि बाकी सगळे रेयॉन. आज जगात सिल्क व्हेल्वेट म्हणून जी विकली जाते तिच्यात हाच मेळ सर्रास असतो, चीनची असो की दुसरीकडची. ज्या मखमलीत मधेमधे झिरझिरीत जाळी आणि मधेमधे लवेची फुले दिसतात, तीही याच मेळाची करामत. विशिष्ट रसायन लावले की रेयॉनची लव जळून जाते आणि रेशमाची पाठ तेवढी राहते.

मी नांदेडला परत आल्यावर त्या दुकानात गेले. दुकानदार शांतपणे म्हणाला, “बाई, सिल्क व्हेल्वेट म्हणजे हेच. रेशीम आहे ना? तुमच्यासमोर जाळून दाखवले ना?” त्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. खरा धागा जाळला आणि मला जे ऐकायचे होते ते मी ऐकले. ज्यांचे कापड अजून बेतलेले नव्हते अशा दोघींचे तुकडे तरी परत घ्या म्हटले, तर फाडलेला माल परत नाही. मी आणखी काय बोलणार? उतरून आले.

त्या रात्री मला एक दुर्बुद्धी म्हणा की सुबुद्धी म्हणा, सुचली. आजींची चोळी काढली. शिवणीच्या मायेतला पाठीचा एक धागा अलगद ओढला आणि ताटात पाणी घालून त्याच्यावर धरून जाळला. तो वातीसारखा जळला. वातीसारखाच वास! माझे हातपाय गार पडले. म्हणजे गाव सोडताना छातीशी धरून नेलेली चोळी सुती निघाली की काय? ह्यांना हाक मारावी तर धीर होईना. मग आठवले काकांचे शब्द. मायेतली चार तंतूंएवढी लव खरवडली आणि जाळली. केस जळल्याचा वास आला आणि राखेचा भुगा झाला. मी पाटावर बसून राहिले.

तेव्हा उलगडा झाला. जुन्या मखमलीत पुष्कळदा पाठ सुताची आणि लव रेशमाची असे. सुताने बळकटी येई, रेशीम वाचे, आणि वाचलेले सगळे रेशीम दिसणाऱ्या बाजूला लागे. आपल्या मराठवाड्याला ही रीत चांगली परिचयाची. पूर्वीच्या औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू सूत आणि रेशमाचाच. मशरूची तर गंमतच आहे. मुसलमान पुरुषांनी निव्वळ रेशीम अंगाला लावू नये असा त्यांच्या धर्मात दंडक. म्हणून वरची बाजू रेशमाची आणि अंगालगतची सुताची असे कापड विणले. मशरू या शब्दाचा अर्थच मुळी ‘धर्माला चालणारे’ असा आहे. आजींच्या चोळीची पाठ सुती, पण चेहरा रेशमी. माझ्या लेकीच्या पोलक्याची पाठ रेशमी, आणि चेहरा लाकडाच्या लगद्याचा. दुकानदाराची परीक्षा आजींच्या चोळीला लावली असती तर ती नापास झाली असती आणि माझे एकवीसशेचे कापड पहिले आले असते.

रेयॉनची लव वाईट असते असे मी म्हणत नाही. रंग खोल धरते, झळाळते, पडते सुंदर. परंतु पाणी लागले की तिचा जीव कमी होतो. तिसरी मखमल आता सगळीकडे मिळते ती पॉलिस्टरची. सुरतेची असते, चीनची असते. चीनमध्ये शाओशिंगजवळ केचियाओ म्हणून कापडाची अफाट मोठी बाजारपेठ आहे, तिथून जगभर माल जातो. पॉलिस्टरची लव जाळली की वितळते, काळा धूर निघतो आणि कडक मणी होतो, तो बोटाने फुटत नाही. नाटकाचे पडदे, मुलांच्या टोप्या, गौरीपुढचे बैठकीचे कापड यांना ती उत्तम, धुता येते. अंगाला मात्र घाम जिरत नाही. ज्याला त्याला आपापल्या जागी ठेवावे आणि त्याच्या नावाने पैसे द्यावे, एवढेच माझे भांडण. आणि जाळून पाहायचे झाले तर चिमट्यात धरून, पाण्याच्या ताटावर, पदर खोचून पाहा. पाठीचा धागा वेगळा जाळा आणि लव वेगळी. लव खरवडू देत नसेल त्या दुकानात ‘अस्सल’ हा शब्द ऐकूच नका.

शिवणाबद्दल काकांनी जे सांगितले ते थोडक्यात सांगते, कारण मशीनवर बसणाऱ्या इथे पुष्कळ आहेत. मखमलीला दिशा असते. मांजराच्या पाठीसारखी, एकीकडून हात फिरवला तर मऊ, दुसरीकडून खरखरीत. पोलक्याचे सगळे भाग एकाच दिशेने बेता. पुढचा भाग सुलटा आणि पाठ उलटी झाली तर एकाच ताग्याचे दोन रंग दिसतात. लव वरच्या दिशेने ठेवली तर रंग गडद दिसतो, खालच्या दिशेने ठेवली तर फिका दिसतो पण कमी झिजतो. म्हणून कापड नेहमीपेक्षा थोडे जास्त घ्यावे लागते. दोन तुकडे समोरासमोर ठेवले की लव लवेवरून सरकते आणि शिवण वाकडी जाते. म्हणून आधी बारीक सुईने दाट धावदोरा घाला, मग मशीन. टाचण्या मायेतच टोचा, बाहेर टोचल्या तर भोके राहतात. आतून सुती अस्तर हवेच. इस्तरी वरून कधीच नाही. सुरकुती पडली तर मागून वाफ द्या. किटलीची वाफ चालते, दुरून. लव बसलेली असेल तर वाफेवर धरून मऊ ब्रशाने उलटी झाडा. माझ्या लेकीच्या पोलक्याची पाण्याची जागा अशीच पुष्कळ उठली. इस्तरीचा डाग मात्र कायमचा. आणि घडी घालून ट्रंकेत दाबू नका. गुंडाळून, मऊ धुतलेल्या धोतरात बांधून ठेवा. जर असेल तर डांबरगोळी नको. कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा आणि वर्षातून एकदा सावलीत वारा द्या.

आणखी एक गोष्ट मनात घोळते ती बोलून टाकते. रेशमात आजही चीन पहिला आणि आपला देश दुसरा. तरी आपल्याला आपले रेशीम पुरत नाही, चीनहून आणावे लागते. पूर्वी येवल्यासारख्या ठिकाणच्या पैठणीलाही चीनचे रेशीम लागत असे. आणि इकडे आपल्या लातूर-नांदेडकडच्या शेतकरी बाया तुती लावून कोष काढू लागल्या आहेत. आधी कोष विकायला पार कर्नाटकात रामनगरला जावे लागे. 2018 साली जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली. माझी चुलत जाऊ दोन एकर तुती करते. तिला मी विचारले, “रेशीम कसे दिसते ते तरी पाहिलेस का?” ती म्हणाली, “कोष पाहिला. कापड कुठं पाहायला मिळतं?” तिला मी आजींची चोळी दाखवली. लवेवरून हात फिरवत ती बराच वेळ गप्प होती, आणि मग एवढेच म्हणाली, “केवढे किडे लागले असतील गं याला.” सबंध चोळी पाहून असे म्हणणारी ती पहिलीच.

आता सातजणींविषयी. त्या दुकानातून आल्यावर मी प्रत्येकीच्या घरी गेले आणि झाला प्रकार सांगितला. फरकाचे पैसे थोडे थोडे करून देते असेही म्हटले. पाचजणी हसल्या आणि चहा पाजून मला वाटेला लावले. कापड छानच आहे म्हणाल्या, ते त्यांचे मोठेपण. एकीने पैसे घेतले, ते बरोबरच केले. तिने ते औषधपाण्यातून वाचवलेले होते. एकजण अजून माझ्याशी धड बोलत नाही आणि तिचे चुकते असे मला वाटत नाही. माझ्या शब्दावर तिने घेतले आणि माझा शब्द कडेच्या एका धाग्यावर टांगलेला होता.

ज्यांच्याकडे त्यातले कापड अजून न बेतलेले आहे, त्यांनी येत्या मंगळवारपासून दुपारी माझ्याकडे यावे. लव पाहून बेतून, अस्तर लावून शिवून देईन, अस्तर माझे. कार्तिकापर्यंत अंगावर घालता येईल, थंडीही पडलेली असेल.

आजींची चोळी त्या टेबलावर पाटावर ठेवली आहे. कार्यक्रम संपल्यावर सर्वांनी अवश्य पाहावी. हळदीकुंकवाचे हात धुऊन आणि पुसून यावे. आणि पाहताना आधी ती उलटी करून पाठ पाहा, मग सुलटी करा. शिवणीच्या मायेत मी दोन ठिकाणी खरवडलेले आहे, तेही दिसेल.